हार्ड डिस्क घ्यायचीय, पण "परत बघायला नको"?

परवा रात्री कल्याणहून मामेबहिणीचा फोन आला. "दादा, लॅपटॉप भरला, माझा फोन भरला, ह्यांचाही भरला. मुलांचे जन्मापासूनचे फोटो आहेत त्यात. एक चांगलीशी हार्ड डिस्क सांग. दोन टीबीची. टिकाऊ पाहिजे हं. एकदा सगळं त्यात टाकलं की परत बघायला नको."

नाव सांगून फोन ठेवता आला असता. पण त्या "परत बघायला नको"ने घोळ केला. पितळेचं पातेलं पाच वर्षांनी माळ्यावरून काढलं, चिंचेने घासलं की पुन्हा वापरात येतं. हार्ड डिस्क त्या जातीची वस्तू नाही. जिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही, नेमकी तीच एक दिवस लावल्यावर दिसत नाही. मग आमचं बोलणं चाळीस मिनिटं चाललं. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सवडीने लिहितोय.

आधी तिला त्या डबीच्या आत काय आहे ते सांगितलं, कारण ते कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. पोर्टेबल हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकचकीत एक-दोन किंवा जास्त चकत्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अगदी पातळ थर असतो आणि त्या मिनिटाला बहुधा ५,४०० फेरे फिरतात. चकतीच्या कडेचा वेग काढला तर ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावरची एसटी. त्या पळत्या चकतीवर एक बारीकसा हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत वाचतो आणि लिहितो. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंतराचा अंदाज करा. इतकं क्षीण चुंबकत्व वाचता येण्यामागे जो शोध आहे, त्यासाठी आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण मात्र ती वस्तू चालू असताना गादीवर भिरकावतो.

डिस्क कशाने मरते हे यावरूनच लक्षात येईल. फिरत असताना धक्का बसला तर हेड चकतीला टेकतो आणि ओरखडा जातो. बंद असताना हेड बाजूला जाऊन बसलेला असतो, म्हणून तेव्हाचा धक्का ती कितीतरी जास्त सोसते. चकत्या फिरवणारी मोटार थकते. खालचं सर्किट जळतं. काही ठिकाणचा थर हळूहळू निकामी होतो, त्यालाच दुकानदार "बॅड सेक्टर आलेत" म्हणतो. यातलं काही आठवड्यात होईल, काही बारा वर्षांतही होणार नाही. एकाच खोक्यातून निघालेल्या दोन डिस्कचं नशीबही सारखं नसतं.

जाता जाता एक गंमत. १९५६ साली आयबीएमने पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. तिच्यात दोन-दोन फुटी ५० चकत्या होत्या, वजन टनभर, आणि मावायचं जेमतेम ५० लाख अक्षरांइतकं. आज माझ्या फोनमधला एक बरासा फोटो त्यात कसाबसा बसेल.

मग बहिणीने विचारलं, "फिरणारं काही नसलेली ती एसएसडी घेऊ का मग? दुकानदार म्हणत होता ती कधीच खराब होत नाही."

दुकानदार अर्धं खरं बोलला. एसएसडीमध्ये चकती नाही, हेड नाही. सगळं पेनड्राइव्हसारखं चिपमध्ये असतं. पडली तरी सहसा काही होत नाही आणि वेग हार्ड डिस्कच्या चौपट ते आठपट. रोज पिशवीतून नेणार असाल, तिच्यावरून थेट व्हिडिओ एडिट करणार असाल, घरात दीड वर्षाचं पोर असेल, तर एसएसडीच घ्यावी. पण चिपमधला डेटा म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार असतो आणि तो भार अगदी सावकाश झिरपत असतो. या क्षेत्रातली मानकं ठरवणाऱ्या जेईडीईसी या संस्थेचा दंडक असा, की घरगुती एसएसडी ठरलेल्या आयुष्यभर लिहून झाल्यावर, वीज न देता ३० अंश तापमानात ठेवली, तर तिने डेटा निदान एक वर्ष धरून ठेवला पाहिजे. नवी, फारशी न वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ जास्त काळ धरते, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण "भरली आणि लॉकरमध्ये टाकली" या कामाला ती मुळात बनवलेलीच नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतल्या कपाटात तर नकोच.

आणि एसएसडी मरते तेव्हा बहुधा कुरकुर न करता मरते. हार्ड डिस्क आजारी पडली की हळू होते, खरखरते, एखादी फाइल उघडायला नकार देते. थोडक्यात, कण्हते तरी. एसएसडी काल होती, आज नाही. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम प्रो मालिकेतल्या काही महागड्या पोर्टेबल एसएसडी अचानक डेटा गमावत असल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला फर्मवेअरची, म्हणजे डिस्कच्या आतच बसवलेल्या प्रोग्रॅमची, दुरुस्ती काढावी लागली. महाग म्हणजे भरवशाची, हे समीकरण या धंद्यात चालत नाही.

बहिणीचं काम फोटो ठेवण्याचं. अधूनमधून भर घालायची, दिवाळीत टीव्हीला लावून बघायचे. त्याला साधी फिरती हार्ड डिस्क पुरते आणि तेवढ्याच पैशात जागा कितीतरी जास्त मिळते. मी तिला तीच घ्यायला सांगितली.

कंपनी कुठली?

हा प्रश्न लोक फार जोर देऊन विचारतात, आणि उत्तर ऐकून हिरमुसतात. दुकानात खोक्यांवर दहा नावं दिसली तरी जगात फिरत्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. मॅक्सटॉर २००६ मध्ये सीगेटने गिळली, सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदाही २०११ मध्ये तिच्याकडेच गेला, हिटाचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. बाकीचे ब्रँड या तिघांपैकी कोणाची तरी डिस्क आपल्या डबीत घालून विकतात. ते वाईट असतात असं नाही, पण आत काय आहे हे खोक्यावरून कळत नाही.

तिघांत डावं-उजवं करायला आकडे कुठले? बॅकब्लेझ ही अमेरिकन क्लाउड कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बंद पडल्या याचे आकडे २०१३ पासून जाहीर करते आहे. अलीकडच्या वर्षांत सरासरी वर्षाला एक ते दीड टक्क्याच्या आसपास राहिली आहे. शंभरातली एखाद-दुसरी. मात्र त्या डिस्क मोठ्या, डेटा सेंटरमध्ये चोवीस तास चालणाऱ्या, थंड हवेत कोणी हात न लावलेल्या. तुमची डिस्क लोकलच्या गर्दीत पाठीवरच्या सॅकमध्ये असते. तरी त्या आकड्यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं ठणठणीत आणि दुसरं सारखं आजारी, असं त्यात सर्रास दिसतं. फरक कंपनीपेक्षा मॉडेलचा जास्त. "माझी अमुक कंपनीची उडाली, ती कंपनीच बेकार" हे वाक्य मी तिन्ही कंपन्यांबद्दल सारख्याच तिडकीने ऐकलंय.

तेव्हा नावावर रात्र घालवू नका. तिघांपैकी एकाची घ्या आणि वाचलेली शक्ती पुढच्या गोष्टींवर खर्च करा. खरेदीतली खरी मेख तिथे आहे.

पोर्टेबल डिस्क दोन आकारांच्या. एक खिशात मावणारी, अडीच इंची, एकाच केबलवर चालणारी. दुसरी पुस्तकाएवढी, साडेतीन इंची, जिला वेगळा अडॅप्टर भिंतीत लावावा लागतो. मोठीत दर टीबीला पैसे कमी पडतात आणि जागा भरपूर मिळते, पण ती टेबल सोडत नाही. शिवाय लिहिणं चालू असताना वीज गेली की ती तिथल्या तिथे बंद पडते. लॅपटॉपला बॅटरी असते, त्या अडॅप्टरला नसते. जिथे दिवसाकाठी दोनदा लाइट जाते तिथे तिच्यासाठी छोटा यूपीएस धरूनच हिशेब करा. नाहीतर लहानीच बरी.

आता एक कौलांची गोष्ट. हल्लीच्या जवळजवळ सगळ्या खिशातल्या हार्ड डिस्क एसएमआर नावाच्या पद्धतीने लिहितात, आणि हे खोक्यावर कुठेही छापलेलं नसतं. जुन्या पद्धतीत चकतीवरचे लिखाणाचे पट्टे फरशीसारखे शेजारी-शेजारी असत. नव्या पद्धतीत ते मंगळुरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. छप्पर शाकारताना एकेक ओळ रचत गेलं की काम झरझर होतं आणि कमी जागेत जास्त बसतं. पण मधलंच एक कौल बदलायचं म्हटलं की वरची उचला, बदला, पुन्हा रचा. डिस्कचंही तेच होतं. नवीकोरी असताना भराभर फोटो घेते. अर्धी भरल्यावर जुनं पुसून नवं टाकायला लागलात की सुरुवातीला सेकंदाला शंभर एमबीने धावणारी कॉपी मध्येच वीस-तीसवर येते, थबकते, पुन्हा धावते. लोकांना वाटतं डिस्क गेली. गेलेली नसते, बिचारी कौलं काढत-घालत असते.

एकदा भरून ठेवायच्या फोटोंना याने काही बिघडत नाही. थेट तिच्यावरून व्हिडिओ एडिट करणाऱ्याला मात्र ती रडवते. २०२० साली तर चोवीस तास चालणाऱ्या होम सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कमध्येही ही पद्धत गुपचूप वापरल्याचं उघड झालं, जगभर ओरड झाली आणि वेस्टर्न डिजिटलला कोणत्या डिस्क कौलारू आहेत याची यादी जाहीर करावी लागली. होम सर्व्हरसाठी घेणार असाल तर मॉडेल नंबर त्या यादीत आहे का, ते बघूनच पैसे द्या.

दुसरी छुपी गोष्ट यूएसबीच्या खाचेची. पूर्वी पोर्टेबल डब्याच्या आत साधी सॅटा डिस्क (लॅपटॉपच्या आत बसायची तसलीच) आणि एक छोटं यूएसबीचं कार्ड असायचं. खाच तुटली तर डबा उघडून डिस्क काढायची, दुसऱ्या डब्यात घालायची, काम चालू. आता बऱ्याच मॉडेलांत यूएसबीची खाच डिस्कच्या सर्किटवरच डाग देऊन जोडलेली असते. खाच हलली की गल्लीतल्या मेकॅनिकच्या हातचं काम राहत नाही. काही डिस्क तर सगळं लिखाण त्याच सर्किटमधल्या चिपने कुलूपबंद करून ठेवतात, तुम्ही पासवर्ड लावला असो वा नसो. चिप गेली तर चकत्या धडधाकट असूनही वाचणाऱ्याला अगम्य लिपी दिसते. घेताना याला टाळणं अवघड आहे, पण वापरताना एवढं नक्की करता येतं: केबल लावलेली डिस्क लोंबकळू द्यायची नाही आणि केबल डिस्कभोवती गुंडाळून ठेवायची नाही. डिस्क दिसली नाही तर आधी केबल बदलून बघा. निदान माझ्याकडे "मेली" म्हणून आलेल्यांतल्या कितीतरी नुसत्या केबलने उठून बसल्या.

वेगाबद्दल फार बोलत नाही. खोक्यावर यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ यांतलं काहीही लिहिलेलं असो, तिन्ही एकच आहेत, नावं बदलत गेली इतकंच. फिरती डिस्क त्याच्या पाव वेगानेही धावत नाही. बघायचं ते आपल्या कॉम्प्युटरकडे. निळ्या जिभेचं पोर्ट असेल तर ५०० जीबी सव्वा तासाच्या आसपास जातात, जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली तर त्यालाच चार तास लागतात.

सोळा टीबीची दीड हजारात

इथे जरा थांबतो, कारण यात आमच्याच सोसायटीतले एक काका सापडले. निवृत्त, हिशेबाला पक्के, भाजीवाल्याशी रुपयासाठी हुज्जत घालणारे. ऑनलाइन "१६ टीबी पोर्टेबल एसएसडी" दीड हजारात मिळाली म्हणून खुशीत मला दाखवायला आले. धातूची गुळगुळीत डबी, कॉम्प्युटरला लावली तर खरंच १६ टीबी दाखवते. त्यांनी पेन्शनचे कागद आणि नातीच्या बारशाचे व्हिडिओ तिच्यात टाकलेही होते. फाइलींची नावं सगळी दिसत होती. उघडायला गेलो तर पहिल्या काही उघडल्या, बाकी एकही नाही.

डबी उघडली. आत नखाएवढं मेमरी कार्ड आणि ते हलू नये म्हणून गरम गोंदाचा एक थेंब. कार्ड ६४ जीबीचं. त्याच्या फर्मवेअरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं: मी १६ टीबी आहे. जागा भरली की ते पुढचं लिखाण एकतर जुन्यावर चढवतं किंवा हवेत सोडून देतं, आणि कॉम्प्युटरला मात्र "झालं" म्हणून सांगतं. काकांनी लॅपटॉपवरचं मूळ पुसलं नव्हतं हे नशीब.

म्हणून एक अडाखा लक्षात ठेवा. खिशात मावणारी फिरती हार्ड डिस्क पाच-सहा टीबीच्या पुढे बनतच नाही. दुकानात सहज मिळणाऱ्या पोर्टेबल एसएसडीही आठ टीबीच्या आसपास थांबतात आणि त्या आठची किंमत ऐकून चांगला लॅपटॉप आठवतो. याहून मोठा आकडा याहून कमी किमतीत दिसला की पुढे चला. लॅमिंग्टन रोड असो, तपकीर गल्ली असो की मोबाइलवरची खरेदी, पक्कं बिल घ्या आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की भारतात वॉरंटी किती उरलीय ते दिसतं. दुबईहून मित्राने आणलेली स्वस्त पडते खरी, पण तिच्या वॉरंटीचं इथे कोणी ऐकून घेईलच असं नाही.

वॉरंटीचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. डिस्क मेली तर कंपनी डिस्क देते. फोटो देत नाही. बदलून आलेली डिस्क रिकामी असते, हे अनेकांना ती हातात आल्यावर कळतं. काही मॉडेलांसोबत डेटा परत मिळवून देण्याची सेवा ठरावीक मुदतीसाठी जोडलेली असते. दोन डिस्क सारख्याच वाटल्या तर ती सेवा असलेली उचला.

घरी आणल्यावर लगेच फोटो ओतू नका. आधी तिला एक रात्र राबवा. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, सीटी या जर्मन संगणक मासिकाच्या मंडळींनी केलेला. तो डिस्क काठोकाठ भरतो, मग सगळं परत वाचून ताडून बघतो. दोन टीबीला दहा-अकरा तास लागतात. संध्याकाळी लावा, सकाळी चहाच्या वेळी निकाल बघा. खोटी डिस्क यात उघडी पडते, आणि जन्मजात अशक्त डिस्कही पहिल्याच रात्री कुरकुरली तर दुकानदाराकडे परत नेता येते. मॅक आणि लिनक्सवर याच कामासाठी एफ३ आहे.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो. हाही फुकट. डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक नोंदवही आतल्या आत ठेवत असते, ती हा उघडून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध व्हा, लाल म्हणजे आजच कॉपी काढा. आकड्यांच्या जंगलात तीन ओळी बघायच्या: ०५, सी५ आणि सी६. खराब निघालेल्या, संशयित असलेल्या आणि वाचताच न आलेल्या जागांची ती मोजदाद आहे. तिन्ही शून्य हव्यात. आणि "पॉवर ऑन अवर्स". नव्या डिस्कवर तिथे शून्य किंवा दोन-चार तास दिसायला हवेत. वर्षाचे तास ८,७६० होतात. तेवढे दिसले तर ती वर्षभर कुठेतरी राबून, पुसून-पासून तुमच्याकडे आलीय.

ही नोंदवही देववाणी मात्र नव्हे. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे एकही पिवळी खूण हसण्यावारी न्यायची नाही. पण त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या नोंदवहीत महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही उमटली नव्हती. निळा दिवा बघून निर्धास्त झोपावं, असंही नाही.

फॉरमॅटचं, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचं, चटकन सांगतो. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे फिरवायची असेल तर एक्सफॅट, मात्र लिहीत असताना उपटलेली केबल तिला जास्त बाधते. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडकतो.

दोन

आता बहिणीला न रुचलेला भाग. तिचा बेत होता: सगळं डिस्कमध्ये टाकायचं आणि लॅपटॉप, फोन रिकामे करायचे. मी म्हटलं, याला बॅकअप म्हणत नाहीत गं, याला घर बदलणं म्हणतात. आधी फोटो तीन ठिकाणी विखुरलेले होते, आता सगळे एकाच डबीत. डबी पडली की सगळेच गेले. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम या धंद्यात सगळे सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घरगुती माणसाला तीन जड जातात हे कबूल. पण दोनाला पर्याय नाही. चार टीबीची एक भारीतली घेण्याऐवजी दोन टीबीच्या साध्या दोन घ्या. जमलं तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच मॉडेलचा दोष दोघींना एकदम लागणार नाही.

आणि दोन्ही एकाच कपाटात नकोत. चिपळूणला माझ्या ओळखीचे एक फोटोग्राफर आहेत. बाजारपेठेत तळमजल्यावर स्टुडिओ. माणूस शिस्तीचा, प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती, दोन डिस्कवर, तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवून. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा दोन्ही प्रती एकाच लोखंडी कपाटाच्या एकाच खणात होत्या. डिस्कमध्ये दोष नव्हता, शिस्तीत नव्हता. फक्त खण एक होता.

त्यानंतर त्यांनी केलं ते आपण सगळ्यांनीच केलं असतं: डिस्क पुसल्या, दोन दिवस पंख्याखाली वाळवल्या आणि लावून बघितल्या. तेच करायचं नसतं. गढूळ पाणी आत गेलं असेल तर वाळताना गाळ चकतीवर चिकटून बसतो, आणि वीज देताच हेड त्या गाळातून ताशी ६५ किलोमीटरने नांगर फिरवतो. भिजलेली डिस्क वाळवायची नाही, तांदळात पुरायची नाही, लावून तर बिलकूल बघायची नाही. ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पाठवायची. ते ती धूळविरहित खोलीत उघडून स्वच्छ करतात. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो, तरीही हमी नसते. त्या फोटोग्राफरांच्या दोनपैकी एका डिस्कमधला थोडा भाग निघाला. आता त्यांची दुसरी प्रत कराडला मेहुण्याकडे असते.

टक् टक् आवाज करणाऱ्या डिस्कलाही हेच लागू. हेड जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाहीय, असा तो आवाज. पुन्हा पुन्हा लावून बघितलं की ओरखडे वाढतात. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून लोक सांगतात. तो करू नका, आत दव धरतं.

बहिणीला म्हटलं, वर्षातून दोनदा दोन्ही डिस्क लावायच्या, नवीन भर घालायची, दहा-वीस जुने फोटो उघडून बघायचे, निळा रंग तपासायचा. तारीख लक्षात राहावी म्हणून एक गुढीपाडवा, एक दसरा. दसऱ्याला तसंही शस्त्रपूजनात लॅपटॉपला हळदकुंकू लावतेसच. डिस्क झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, कल्याणच्या पावसाळ्यात पोर्टला गंज धरायला वेळ लागत नाही. पाचेक वर्षांनी ठणठणीत असली तरी नवी घ्यायची आणि जुनीला तिसरी प्रत करायची. फारच जिवाचे शे-दोनशे फोटो गूगलच्या फुकट १५ जीबीत वेगळे टाकायचे.

"म्हणजे परत बघावंच लागणार," ती म्हणाली. घेतल्या मात्र दोन.

तीन दिवसांनी पुन्हा फोन. आवाज चढलेला. "दादा, दोन्हीवर १.८१ टीबीच दाखवतंय. दोन्हीवर! दुकानदाराने फसवलं, मी निघालेय त्याच्याकडे." तिला थांबवलं. कंपनी एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं धरते, हजार-हजाराने मोजते. विंडोज १,०२४ ने मोजतं आणि नाव मात्र टीबीच लावतं. २ वर बारा शून्यांना १,०२४ ने चार वेळा भागलं की १.८१ येतं. जागा तेवढीच आहे, मापट्यात फरक आहे. तिने फोनवरच कॅल्क्युलेटर काढून चार वेळा भागून बघितलं.

"बरं," ती म्हणाली, "आणि ते तुझं रात्रभर चालणारं लावलंय. अडतीस टक्के झालंय. पंखा बंद केला तर चालेल ना?"